पहिली रायफल कोणती घेऊ?

"ताई, यंदा हरणाच्या सीझनला जायचंय. पहिली रायफल कोणती घेऊ? आणि वर स्कोप कोणता टाकू?"

ऑगस्ट उजाडला की असा फोन येतोच. कधी मॅडिसनहून, कधी मिनियापोलिसहून. विचारणारे बहुतेक आपलेच लोक असतात, शेजाऱ्याबरोबर किंवा ऑफिसातल्या कुणाबरोबर एकदा रानात जाऊन आलेले. प्रत्येकाला तेच तेच तुटक सांगण्यापेक्षा, तुम्ही विचारलंत म्हणून, एकदा नीट लिहून ठेवते.

मी मूळची साताऱ्याकडची. गेली बारा वर्षं विस्कॉन्सिनच्या नैऋत्य कोपऱ्यात राहते. या मुलखाला ड्रिफ्टलेस म्हणतात. हिमयुगातला बर्फ इथवर पोचला नाही, म्हणून इथे अजून टेकड्या, घळी आणि ओढे आहेत. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि भडक केशरी जाकिटं घातलेली माणसं पहाटे रानात शिरतात. भारतात १९७२च्या कायद्यानं शिकार बंद झाली आणि ती बंदच राहावी असं मला मनापासून वाटतं. इथे पांढऱ्या शेपटीची हरणं उदंड आहेत, त्यांना खाणारे मोठे प्राणी या भागात जवळजवळ उरलेले नाहीत. किती मारायची, कुठे, कधी, नर की मादी, हे सरकार दरवर्षी ठरवून देतं.

रायफलच्या आधी कागदपत्रं. एच-१बी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं तुम्हाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मुळातच मनाई आहे. वैध शिकार परवाना असणं हा त्यातला एक अपवाद आहे. म्हणजे आधी परवाना, मग दुकान. मित्राची रायफल रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या मैदानावर, नुसती चालवून बघणं हेसुद्धा या मनाईत येऊ शकतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्यात हे सगळं विचारतात, आणि तिथे खोटं लिहिणं हा गुन्हा आहे. मनात जराशी शंका असली तरी वकिलाला विचारा; तुमचं इथलं राहणं त्यावर अवलंबून आहे. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्सही करावा लागतो. नसता लागला तरी तो करा असंच मी म्हणाले असते.

आता माझी पहिली रायफल. एका दुकानात गेले, पाच फूट एक इंच उंचीची बाई. काउंटरवरच्या माणसानं .३०-०६ हातात दिली. "यात सगळं मरतं," म्हणाला. वर ६ ते २४ पट मोठं दाखवणारा लांबलचक स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, बसवून दिला. .३०-०६ हे १९०६ सालचं काडतूस, उत्तम आहे, त्यात शंका नाही. पण १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी आणि साधारण आठ पौंडांची रायफल असली की खांद्याला सुमारे २० फूट-पाउंडांचा (हे धक्क्याच्या जोराचं माप) धक्का बसतो. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग, माझ्या हाताला लांब होता, म्हणून मी मान पुढे ताणून गाल टेकवायचे. तिसऱ्याच गोळीला स्कोपची कड भुवईत घुसली. मी तीन टाके घालून घेतले आणि कुणाला काही न बोलता नोव्हेंबरात तीच रायफल घेऊन मचाणावर बसले.

ऐंशी यार्डांवर एक मादी आडवी उभी राहिली. स्कोप सहापटीच्या खाली येत नव्हता. झाडीत मला नुसता तपकिरी केसांचा पट्टा दिसत होता, खांदा कुठे आणि पोट कुठे कळायला वेळ लागला. चाप ओढला. ती पाठ वाकवून निघून गेली. शेजारचे आजोबा माझ्यासोबत होते. त्यांनी पानांवरचं रक्त बोटानं उचललं, त्यात हिरवट कण होते, वास घेतला आणि म्हणाले, पोटात लागलीय, आत्ता मागे जायचं नाही. मागे गेलं तर ती आणखी लांब पळते. आम्ही दुपारपर्यंत थांबलो. ओढ्याकाठच्या झुडपात ती सापडली तेव्हा जिवंत होती. डोकं वर करून आमच्याकडे बघत होती. ते सहा तास तिनं कसे काढले असतील, हा विचार अजूनही माझ्या डोक्यातून जात नाही, आणि कुणी रायफल कोणती विचारलं की मला आधी तीच आठवते.

पुढच्या वसंतात आजोबांनी मला रेंजवर नेलं. मॅगझिन त्यांनीच भरलं आणि मला न सांगता मध्येच एक खोटं काडतूस घातलं, ज्यात दारू नसते. मी नेम धरला, चाप ओढला, नुसता टक आवाज झाला, आणि नळीचं तोंड चार बोटं खाली गेलं. गोळी सुटलीच नव्हती. धक्का येणार या भीतीनंच माझे हात रायफल खाली दाबत होते. त्या मादीला गोळी मागे का लागली ते मला तिथे उभ्याउभ्या समजलं.

म्हणून माझं उत्तर काडतुसाच्या ताकदीपासून सुरू होत नाही. ज्या धक्क्याला तुम्ही डोळे मिटत नाही, तेवढंच काडतूस घ्या. .२४३ विंचेस्टरचा धक्का साधारण ९ फूट-पाउंड, ६.५ क्रीडमूर आणि ७ एमएम-०८ यांचा १२-१३, .३०८ विंचेस्टरचा १६च्या आसपास. रायफलच्या वजनाप्रमाणे हे आकडे थोडे खालीवर होतात. यातल्या कोणत्याही काडतुसाची गोळी खांद्यामागे फुफ्फुसांत नीट बसली तर दीडशे यार्डांवरचं हरीण शंभर पावलंही जात नाही. माझं आता ७ एमएम-०८ आहे. धिप्पाड माणसानं .३०८ घ्यावं, काडतुसं कुठेही मिळतात. काडतूस निवडण्याआधी तुमच्या राज्याचे नियम मात्र वाचा. आयोवा, ओहायो अशा राज्यांत हरणासाठी बाटलीसारख्या निमुळत्या मानेची ही काडतुसं चालत नाहीत, सरळ नळकांड्यासारखी लागतात. तिथे लोक २०१९ साली आलेलं .३५० लेजंड घेतात.

रायफलच्या कंपनीवरून फार डोकं फोडू नका. रुगर अमेरिकन, सॅव्हेज अॅक्सिस, थोडे जास्त पैसे असतील तर फिनलंडची टिक्का टी३एक्स. तिन्ही बोल्टच्या, म्हणजे दर गोळीनंतर हातानं खिटी मागेपुढे करायच्या, तिन्ही तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला नेम धरणाऱ्या. बघायचं ते दस्त्याचं माप. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर बहुतेक रायफलींत साडेतेरा-पावणेचौदा इंच असतं. आपल्याकडच्या बायकांना, आणि बऱ्याच पुरुषांनाही, ते लांब पडतं. वर नोव्हेंबरात जाडजूड जाकीट असतं, त्यानं आणखी इंचभर वाढतं. म्हणून काँपॅक्ट मॉडेल मागा, साडेबारा इंचांच्या आसपासचं. दुकानदार "ती पोरांची असते" म्हणेल. म्हणू द्या.

स्कोपच्या बाबतीत मी ठाम आहे: ३-९x४०, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा आणि पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं असलेला, एक इंची नळीचा, साध्या जाड-बारीक फुलीचा. रानात तो कायम तिनावर ठेवायचा. तीनपटीला शंभर यार्डांवर तीस-एक फुटांचा पट्टा दिसतो, नऊपटीला जेमतेम बारा-चौदा. हरीण समोर येतं तेव्हा ते शोधायला वेळ नसतो. दुसरं कारण उजेडाचं. पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरना पटीनं भागा, म्हणजे डोळ्यापर्यंत येणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी कळते. ४० भागिले ३ म्हणजे १३, भागिले ९ म्हणजे साडेचार. अंधारात बाहुली सहा-सात मिलिमीटर उघडते, म्हणजे झुंजुमुंजूला नऊपटीवर चित्र काळवंडतं आणि तिनावर लख्ख राहतं. डोळ्यापासूनचं अंतर किमान साडेतीन इंच मिळायला हवं. माझ्या भुवईवरची खूण त्याचीच. स्कोप रायफलच्या नळीला जितका जवळ बसेल तितका चांगला, उंच बसवला की गाल दस्त्यावरून सुटतो. आणि थंडीत आपलाच श्वास मागच्या काचेवर धरतो, म्हणून डोळा लावण्याआधी तोंड वळवून श्वास सोडायची सवय लावा.

स्कोप बसवून आणला म्हणजे नेम जुळला असं होत नाही. आधी पंचवीस यार्डांवर कागद लावा. थेट शंभरावर गेलात तर पहिल्या गोळ्या कागदाबाहेर जातात आणि कुठे गेल्या तेच कळत नाही. तीन गोळ्या मारा, त्यांचा मध्य बघा, मग स्कोपवरच्या फिरक्यांचे खटके फिरवा. एका गोळीवरून फिरवत बसू नका. बहुतेक स्कोपचा एक खटका शंभर यार्डांवर पाव इंच सरकवतो, म्हणजे तिथे इंचाला चार खटके, पण पंचवीसावर सोळा. हा हिशेब चुकतो म्हणून लोक स्कोपला दोष देतात. टेबलावर रायफल टेकवून नेम जुळला की टेबल सोडा. बसून, गुडघ्यावर टेकून, शंभर यार्डांवरच्या सहा इंची कागदी ताटलीत पाचच्या पाच गोळ्या जायला लागल्या की तुम्ही तयार आहात. ज्या अंतरावर त्या बाहेर जायला लागतात, त्याच्या पुढच्या हरणावर रायफल रोखायची नाही.

यासाठी काडतुसं लागतात आणि इथेच लोक हात आखडतात. हजार डॉलर असतील तर निम्मे रायफलला, अडीचशे स्कोपला, स्कोप बसवायच्या कड्या आणि कुलपाला थोडे, उरलेले सगळे सरावाच्या काडतुसांना. रायफल तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात, घरी पोरं असोत नसोत.

हंगामासाठी मी तांब्याची गोळी वापरते, १२० ग्रेनची. शिशाची गोळी आत फुटते आणि तिचे डोळ्याला न दिसणारे कण जखमेपासून लांबपर्यंत मांसात जातात. ते मटण माझ्या लेकीच्या ताटात पडणार असतं. गोळी बदलली की नेम पुन्हा जुळवायचा, हे विसरू नका. आमच्या भागात हरणांना सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग आहे, राज्यात तो २००२ साली सापडला. म्हणून तपासणीचा निकाल येईपर्यंत मटण फ्रीझरमध्येच राहतं.

दुकानात गेलात की एवढं करा. जाकीट घालून जा. रायफल रिकामी आहे हे बोल्ट उघडून स्वतः बघा. मोकळ्या भिंतीकडे तोंड करून डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. मान न हलवता स्कोपमध्ये पूर्ण गोल दिसला तर ती तुमच्या मापाची. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर ती ठेवून दुसरी मागा, दहा वेळा मागावी लागली तरी. आणि बिल करताना त्याच काडतुसाच्या मापाची दोन खोटी काडतुसंही घ्या, रेंजवर तुमचं मॅगझिन दुसऱ्या कुणाला तरी भरायला सांगा.