स्वस्त क्लॅम्प मीटर आणि शंभर मिलिअँपिअरची पारख

मोटारगाडी बंद असताना बॅटरीतून झिरपणारा प्रवाह बहुधा 20 ते 50 मिलिअँपिअरच्या घरात असतो, आणि हॉल संवेदकाचे (चुंबकीय क्षेत्र ओळखणाऱ्या घटकाचे) स्वस्त डीसी क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती जबडा अडकवून तिच्यातला प्रवाह दाखवणारे मीटर, नेमके याच आकड्यांना सर्वांत कमी भरवशाचे ठरते. माझ्या मीटरच्या 2 अँपिअर पल्ल्यावर शेवटचा अंक 1 मिलिअँपिअरचा आहे खरा, पण तो अंक दिसतो म्हणून त्यावर विसंबता येत नाही.

तुलनेसाठी इंदूरच्या जेल रोडवरून 1 टक्का अचूकतेचा 1 ओहमचा रेझिस्टर आणि 120 ओहम, 5 वॉटचा सिमेंटचा रेझिस्टर आणून दोन्ही 12 व्होल्टच्या बॅटरीशी एकसर जोडले. 1 ओहमवर जितके मिलिव्होल्ट, तितकेच मिलिअँपिअर. मात्र मल्टिमीटरचे प्रोब रेझिस्टरच्या पायांनाच टेकवावेत, कारण ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता जोडणी करण्याच्या पाटीच्या) छिद्रातला संपर्करोध 1 ओहमपुढे नगण्य नसतो. प्रवाह 100 मिलिअँपिअरवर स्थिरावला.

खरी डोकेदुखी शून्याची आहे. जबड्यात तार नसतानाही मीटर उत्तरेकडून पूर्वेकडे वळवले की आकडा सरकतो. हे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे काम, आणि त्यात आधीच्या मोठ्या प्रवाहाने जबड्याच्या गाभ्यात उरलेल्या चुंबकत्वाची भर पडते. जबडा चारदोन वेळा उघडझाप केल्याने ते थोडे उतरते. म्हणून मीटर लाकडी पाटाला दोरीने बांधले, लोखंडी कपाटापासून दूर ठेवले, शून्याचे बटण दाबले आणि मीटरला धक्का न लावता केवळ बॅटरीची टोके उलटसुलट केली. सुलट +118, उलट −86. दोहोंच्या अंतराचे निम्मे 102, म्हणजे शून्याची चूक 16 मिलिअँपिअर आणि प्रमाणाची चूक अवघी 2 टक्के. नुसते 118 पाहून आतला ट्रिमर (वाचनाचे प्रमाण जुळवणारा छोटा स्क्रू) फिरवला असता, तर मोठ्या प्रवाहांचे वाचन विनाकारण बिघडले असते.

त्यानंतर त्याच तारेचे दहा वेढे जबड्याच्या मध्यखुणेपाशी घेतले, म्हणजे मीटरला तोच प्रवाह दहापट दिसतो. वाचन +1036 आणि −1004 आले. निम्मे अंतर 1020, दहाने भागल्यावर पुन्हा 102. चूक तीच 16, पण आता ती दहा वेढ्यांत वाटली गेल्याने खऱ्या प्रवाहाच्या हिशेबात 1.6 मिलिअँपिअरच उरते. माझ्या मते लहान प्रवाहासाठी याहून स्वस्त सुधारणा नाही.

ट्रिमरला मी हात लावलेला नाही, कारण माझा मापदंडच 1 टक्क्याचा असून त्यात मल्टिमीटरची चूक मिळवली की 2 टक्क्यांसाठी खटपट करण्यात फारसा अर्थ राहत नाही. त्याऐवजी दहा वेढ्यांची फ्यूजसह एक जोडतार तयार केली आहे, जी मोटारीच्या बॅटरीचे ऋण टोक आणि त्याची केबल यांच्यामध्ये बसते. ती बसवलेली असताना मात्र स्टार्टर मारू नये.