बहात्तरचा दुष्काळ नववीच्या वर्गात

नववीला इतिहास ऐकवायचा तर तयार पॉडकास्ट शोधण्याआधी गावातली म्हातारी माणसं शोधा. १९७२चा दुष्काळ पाहिलेली माणसं मराठवाड्यात अजून आहेत. खडी फोडायची कामं, सुकडी (दुष्काळात वाटलेला पौष्टिक कोरडा खाऊ), मातीमोल विकलेली जनावरं त्यांच्याच तोंडून ऐकावीत.

मुलाखत पारावर नको, तिथं वारा आणि ट्रॅक्टर. पत्र्याच्या वर्गात आवाज घुमतो. गोधड्यांची चळत असलेली घरातली खोली उत्तम. पंखा बंद आणि फोन विमान मोडवर ठेवा, नाहीतर मध्येच कॉल येऊन रेकॉर्डिंग थांबतं. फोन तोंडापासून वीतभर लांब, जरा बाजूला धरा; अगदी समोर धरला की ‘प’, ‘फ’ला फुंकर बसते. परवानगी आधी मागा आणि तीही रेकॉर्ड करा.

“दुष्काळ कसा होता, आजी?” या प्रश्नाला “लई वाईट” एवढंच उत्तर येतं. “पाणी कुठून आणायचात?” विचारलं की आजी खुलतात. मुलांनी मध्ये “हं, हं” करू नये, नुसती मान डोलवावी. ते हुंकार नंतर कापता येत नाहीत.

चाळीस मिनिटांतून पाचच ठेवा. एमपी३, मोनो (एकाच चॅनेलचा आवाज), ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) केलं तर फाइल अडीच एमबीच्या आत बसते, व्हॉट्सॲपवर सहज जाते.

वर्गात स्पीकर टेबलावर नको, मधल्या बाकावर ठेवा. पहिल्यांदा नुसतं ऐकवा. प्रश्न फळ्यावर लिहून मग दुसऱ्यांदा. आठवणीत सालं सरमिसळ होतात, ती पुस्तकाशी ताडून पाहणं हाच खरा गृहपाठ.