महिन्यातून एकदा

"आता दर आठवड्याला यायची गरज दिसत नाही. महिन्यातून एकदा भेटू," माझ्या समुपदेशक मॅडम म्हणाल्या. हसून म्हणाल्या. मीही हसलो, मान डोलावली, पुढची तारीख घेतली आणि जिना उतरताना लक्षात आलं, मला वाईट वाटलंय.

ही म्हणते, "अहो, मग चांगलंच की!" चांगलंच आहे. कळतं मला. पण कालपासून घशात काहीतरी अडकल्यासारखं झालंय. कंटाळल्या असतील का माझ्या रडगाण्याला? तेच ऑफिस, तोच दादा, परत ऑफिस. पन्नास मिनिटं कुणीतरी मला मध्येच न तोडता ऐकतं, "त्यात काय एवढं" म्हणत नाही, याची चटक लागली होती म्हणा ना. घरी मी बोलत नाही फारसा. दादाशी तर... जाऊ दे.

बरं, मी बरा झालोय म्हणावं तर साहेबांचा फोन आला की तळव्यांना अजून घाम सुटतो. फरक इतकाच की पूर्वी तो फोन रात्री अंथरुणातही माझ्यासोबत असायचा. आता बहुतेक वेळा वहीत जातो.

वही म्हणजे काळजीची वही. दिवसभरात काळजी आली की एक ओळ लिहायची आणि तिला सांगायचं, संध्याकाळी बघू. संध्याकाळी ठरलेल्या खुर्चीत अर्धा तास बसून मनसोक्त काळजी करायची. मॅडमनी सांगितलं तेव्हा मला हसू फुटलं होतं, काळजीला अपॉइंटमेंट! पण ही गंमत त्यांची नव्हे, बोर्कोव्हेक नावाचा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1983 साली अभ्यासून मांडलेली पद्धत आहे. काळजी घरभर, दिवसभर पसरते, म्हणून तिला एक वेळ आणि एक जागा नेमून द्यायची. संध्याकाळपर्यंत निम्म्या ओळी शिळ्या झालेल्या असतात, हा माझा अनुभव.

आज दुपारी लिहिलं, "मॅडम कंटाळल्या." ही ओळ काही शिळी झाली नाही. मग त्यांच्याच पद्धतीने पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे पुरावा: मागच्या वेळी त्यांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं. उजवीकडे: घड्याळ बघणं त्यांचं कामच आहे, बाहेर पुढचा माणूस बसलेला असतो. शिवाय पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं होतं, शेवटी शेवटी भेटी लांबवत नेऊ, म्हणजे मधल्या दिवसांत तुम्ही एकट्याने करून बघाल आणि जिथे अडेल ते घेऊन याल. तेव्हा मी "हो हो" म्हणालो होतो. तेव्हा शेवट लांब होता ना!

डावी बाजू एका ओळीवर संपली. तरी घशातलं पूर्ण गेलं नाही, पण निदान त्याचं नाव कळलं. मॅडमवरचा राग नव्हताच तो. त्या खोलीतला मी मला आवडायचो, आणि तो आता महिन्यातून एकदाच भेटणार. बाहेर तो कुणाला दाखवायचा, हिला? बघू.

गंमत म्हणजे हे सगळं मी मॅडमशिवाय केलं. म्हणजे त्यांचंच बरोबर निघालं. याचा पुन्हा थोडा राग आला.

ही आत डोकावली. "झाली का काळजी करून?"

"थोडी उरलीये."

महिन्याने गेलो आणि सांगण्यासारखं काही नसलंच तर? लिहून ठेवलंय, उद्याच्या पानावर.