मोनेरोसाठी मुक्तस्रोत हार्डवेअर वॉलेट निवडताना

मोनेरो या कूटचलनात (क्रिप्टोकरन्सीत) पाठवणारा, घेणारा आणि रक्कम या तिन्ही गोष्टी साखळीवर, म्हणजे व्यवहारांच्या सार्वजनिक नोंदवहीवर (ब्लॉकचेनवर), झाकलेल्या असतात. त्यामुळे ज्या उपकरणात, म्हणजे हार्डवेअर वॉलेटमध्ये, पैसे खर्च करण्याची गुप्त किल्ली ठेवायची, त्याचे फर्मवेअर (आतील मूळ सॉफ्टवेअर) कोणालाही वाचता आणि स्वतः बांधून पडताळता यावे, ही माझी पहिली अट होती. लेजर या कंपनीची उपकरणे मोनेरो हाताळतात, परंतु त्यांच्या कार्यप्रणालीचा गाभा बंद असल्याने मी ती बाजूला ठेवली. प्रागच्या सातोशीलॅब्स कंपनीचे ट्रेझर हे वॉलेट या अटीत बसते. मात्र त्याच्या सर्वांत जुन्या, स्वस्त मॉडेल वनवर मोनेरो चालत नाही, हे खरेदीआधीच पाहावे.

ट्रेझरच्याच मॉडेल टीमध्ये स्वतंत्र सुरक्षा चिप नाही, आणि उपकरण हाती लागल्यास त्यातून बीजशब्द (ज्यांतून सर्व किल्ल्या पुन्हा तयार होतात ते शब्द) काढता येतात हे क्राकेन या क्रिप्टो बाजाराच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवले होते. उपकरणात न साठवला जाणारा भक्कम पासफ्रेज (बीजशब्दांना जोडायचा जादा परवलीचा मजकूर) हा त्यावरचा उपाय आहे. 2023 च्या ट्रेझर सेफ 3 मध्ये तशी चिप आहे, म्हणून माझा कौल त्याच्या बाजूने आहे.

खरी मेख पुढे आहे. ट्रेझरच्या स्वतःच्या सूट या संगणकावरील ॲपमध्ये मोनेरो दिसत नाही. उपकरण मोनेरोच्या अधिकृत वॉलेट सॉफ्टवेअरला किंवा फेदर या दुसऱ्या वॉलेट सॉफ्टवेअरला जोडावे लागते. खर्चाची किल्ली उपकरणाबाहेर येत नाही, पण साखळी तपासण्यासाठी पाहण्याची किल्ली संगणकाकडे जाते. म्हणजे संगणकात कोणी शिरले, तर त्याला पैसे नेता आले नाहीत तरी आलेल्या रकमा वाचता येतील. आणि परक्या नोडला (साखळीची प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्याच्या संगणकाला) जोडले, तर आपला आयपी पत्ता त्याला कळतो. त्यामुळे स्वतःचा नोड चालवणे मी वॉलेटच्या निवडीचाच भाग धरतो.