हजार सीसी, पाच माणसं आणि एक राहिलेली पिशवी

छोटी गाडी रोज वापरताना आपण तिला गृहीतच धरलेलं असतं. एकटा माणूस, शेजारच्या सीटवर एखादी बॅग, सिग्नल सुटला की पटकन निघते, कुठेही वळते, कुठेही मावते. तीच गाडी पाच माणसं आणि सगळ्यांचं सामान घेऊन हायवेला काढली की नंबर प्लेट सोडून बाकी काही ओळखीचं वाटत नाही. ताकद कमी पडते असं सगळे म्हणतात, पडतेच, पण मला त्याहून जास्त जाणवतं ते हे की तिला सगळं आधी सांगावं लागतं. थांबायचंय, आधी सांगा. ओव्हरटेक करायचंय, आधी सांगा. पुढे चढ दिसतोय, मग तो सुरू व्हायच्या आत सांगा. ऐनवेळी सांगितलेलंही ऐकते बिचारी, पण कुरकुरत.

हिशेब साधा आहे. हजार सीसीची हॅचबॅक धरा, वजन साधारण 800 किलो, ताकद 65 हॉर्सपॉवरच्या आसपास. पासष्ट किलोची पाच माणसं म्हणजे 325, सामान 75, झाले 400. गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या निम्मं ओझं! दोन टनाच्या मोठ्या गाडीत हीच मंडळी बसली तर तिला फारसं कळणारही नाही. आणि बहुतेक छोट्या गाड्यांची वजन घ्यायची मर्यादाही चारशे-साडेचारशे किलोच्याच आसपास असते, म्हणजे माणसं आणि बॅगा बसल्या की विषय संपला, आणि नेमकं दारं लावताना कुणीतरी 'एवढीशीच तर आहे' म्हणत एक राहिलेली पिशवी घेऊन येतंच.

डिक्की भरणं हे वेगळंच शास्त्र आहे आणि घरात प्रत्येकाला ते येतं. जड ते खाली आणि मागच्या सीटला चिकटून, हलकं वर, एवढं पाळलं तरी गाडी वळणावर कमी झुलते. कडक सुटकेसपेक्षा मऊ बॅगा बऱ्या, कोपऱ्यात दाबून बसतात. मागच्या काचेपाशी सुट्ट्या वस्तू रचून ठेवायची हौस मात्र आवरावी, मागचं दिसत नाही ते नाहीच, पण जोरात ब्रेक लागला की त्या वस्तू गाडीच्याच वेगाने पुढे येतात. स्टेपनी बहुतेक वेळा या सगळ्याच्या खाली असते, त्यामुळे पंक्चर झालं की आधी अख्खा संसार रस्त्याच्या कडेला मांडायचा आणि मग जॅक शोधायचा. तीही बारीक टायरची स्टेपनी असेल तर बहुधा तिच्यावरच ठळक 80 लिहिलेलं असतं, त्यापुढे जायचं नाही.

टपावर कॅरिअर लावून प्रश्न सुटेल असं वाटतं. सुटतो थोडा, पण छोट्या गाडीचा टप फार वजन घेत नाही, वजन वर गेलं की वळणावर गाडी जास्त कलते, आणि वाऱ्याशी भांडण वाढतं ते वेगळंच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, 80 वरून 100 वर गेलात की तो सव्वापट नाही, दीडपटीहून जास्त होतो. वाचतं काय, तर शंभर किलोमीटरमागे पंधरा मिनिटं.

हवेवरून आठवलं, टायरची हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो, त्यावर पुष्कळदा दोन आकडे असतात, नेहमीसाठी वेगळा आणि फुल लोडसाठी वेगळा. दुसरा आकडा छापलाय हेच किती जणांना माहीत नसतं. ओझं जास्त आणि हवा कमी असली की टायरच्या भिंती सतत दुमडतात, तापतात, आणि भर उन्हात वेगात टायर फुटायचं ते एक मोठं कारण. हवा थंड टायरमध्येच बघायची, चालून आल्यावर प्रेशर वाढलेलं दिसतं आणि आपली फसगत होते.

मागे वजन बसलं की नाक वर होतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात. झोत खाली करायला स्टिअरिंगच्या खाली एक छोटं चाक असतं, 0, 1, 2, 3 लिहिलेलं, बऱ्याच जणांचा त्याला कधी हातही लागत नाही. फ्रान्सच्या सिट्रोएन टूसीव्हीत ही सोय फार आधीपासून होती. 1948 साली लोकांसमोर आलेली, 375 सीसी आणि 9 हॉर्सपॉवरची गाडी! दोन शेतकरी आणि 50 किलो बटाटे घेऊन ताशी 60 ने जाईल अशी गाडी करा, ही तिची मूळ मागणी. म्हणजे बनवतानाच ओझं गृहीत धरलेलं, मला हे फार आवडतं.

आता ओव्हरटेक. समोर 60 ने चाललेला लांब ट्रक, आपण 70 ने. गाडीची आणि ट्रकची लांबी, मागचं-पुढचं अंतर धरून साठ मीटर जास्त कापायचे तर एकवीस-बावीस सेकंद लागतात, तेवढ्यात आपण सव्वाचारशे मीटर पुढे गेलेलो असतो आणि समोरून 80 ने येणारा पावणेपाचशे मीटर जवळ आलेला असतो. म्हणजे जवळजवळ नऊशे मीटर रस्ता मोकळा हवा. पाचव्या गिअरमध्ये नुसता पाय दाबून काही होत नाही, आधी तिसरा टाकायचा, इंजिनला ओरडू द्यायचं, घाबरायचं नाही, छोट्या इंजिनची ताकद वरच्या आरपीएमलाच असते. आणि नसेल जमत तर ट्रकच्या मागे अंतर ठेवून निवांत चालायचं, ट्रक काय वाईट सोबत नाही.

घाटात तर अजून मजा. उंचीवर हवा विरळ होते, टर्बो (जास्तीची हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) नसलेलं इंजिन हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावतं, त्यात एसी चालू, मग गाडी दुसऱ्यावरच येते. एसी बंद करायचा का यावर मागच्या सीटवर मतदान होतं आणि मधल्या माणसाचं मत सगळ्यात जोरदार असतं.

उतार मात्र गमतीचा विषय नाही. 1200 किलोची गाडी 500 मीटर खाली उतरते तेव्हा जेवढी ऊर्जा सुटते तेवढ्यात सतरा-अठरा लिटर थंड पाणी उकळीला येईल. ती सगळी ब्रेकवर टाकली तर ब्रेक तापून धरेनासे होतात, म्हणून चढाला लागेल तोच गिअर उताराला. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यांना कुणीतरी सांगा की आजच्या इंजेक्शनवाल्या गाडीत गिअरमध्ये राहून पाय काढला की इंजिनला जाणारं इंधन बंदच होतं, उलट न्यूट्रलमध्ये ते इंजिन नुसतं चालू ठेवण्यापुरतं जळत राहतं.

परत आल्यावर सामान उतरतं, माणसं उतरतात, पण आपला पाय भरलेल्या गाडीतच असतो. दुसऱ्या दिवशी रिकाम्या गाडीत सवयीने तेवढाच जोरात ब्रेक दाबला की शेजारचा माणूस डॅशबोर्डला नमस्कार करतो. टायरची हवाही लोडचीच असते, बारीकशा खड्ड्यावर गाडी टणाटण उडते, ती कमी करून घ्यायला परत पंपावर जावं लागतं आणि 'हवा काढा' म्हटलं की तिथला पोरगा आधी दोनदा विचारून घेतो, साहेब, भरायचीय की काढायचीय?