यादीत नाव नाही

वहिनींनी ग्रुपवर पणजीच्या भजन स्पर्धेची यादी टाकली. गाणाऱ्या, टाळवाल्या, पखवाजाला भाऊंचा मुलगा, पेटीला नेहमीचे सर. माझं नाव नाही. खालून वर, वरून खाली वाचली, तरी नाही. मग फोन केला. म्हणाल्या, "तुका उगीच त्रास कित्याक? एवढा प्रवास, तिथे आपला नंबर येईपर्यंत ताटकळत बसायचं, स्टेजमागे ती गर्दी. तू आपली घरी शांत राहा." आवाजात एवढी माया की पुढे काही बोलवेना. "बरं" म्हटलं आणि ठेवला.

दुपारपासून तेच चाललंय. कोणी तोडून बोललं असतं तर दोन शब्द मीही बोलले असते. मायेनं केलेल्या गोष्टीवर भांडायचं कसं?

पणजी काय मला नवी आहे? हे आयबीएसचं (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) पोट, मधेच दुखणारं, मधेच घाईला येणारं, ते घेऊन रोज सकाळी फोंड्याहून कदंबा बस पकडते. फर्मागुडी, म्हार्दोळ, मंगेशी, कुंडई, यातल्या कुठल्या थांब्याजवळ उतरलं तर बाथरूमला आत जाऊ देतील हे मला तोंडपाठ आहे. भोमला गाड्यांची रांग दिसली की पोटात पीळ पडायला लागतो. बाणस्तारीचा पूल मागे पडला की जरा सैल होतो. जुन्या गोव्यापर्यंत पोचले की कळतं, आज निभावलं. घरून निघताना चहासुद्धा घेत नाही, ऑफिसात पोचल्यावर डब्यातली पेज खाते. हे सगळं करून मी रोज जाते. वहिनींना यातलं काय दिसतं? लग्नात जेवणावरून उठलेली मी दिसते. चवथीला आरतीच्या मधेच आत गेलेली मी दिसते. तेवढीच दिसते.

आणि दादाचं ते वाक्य, "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत ना, मग?" ते आज नको.

रिपोर्ट नॉर्मल आहेत हे खरंच आहे. रक्त, शौच, थायरॉइड, गव्हाची ती सिलिअ‍ॅकची तपासणी, शेवटी दुर्बीण. आतडं दिसायला निरोगी. शौचातून रक्त नाही, वजन उतरलेलं नाही, रात्री झोपेतून उठून जावं लागत नाही. यातलं काही असतं तर वाट वेगळी झाली असती, असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. पण निरोगी दिसणारं आतडं बरं वागतंच असं नाही. आतड्याच्या भिंतीत स्वतःची मज्जासंस्था असते, दहा कोटींहून अधिक पेशींची. ती मेंदूला न विचारताही आतड्याचं चलनवलन सांभाळू शकते. मेंदूला आणि तिला जोडणारी मोठी नस म्हणजे व्हेगस. मला वाटायचं मेंदू हुकूम देतो आणि पोट ऐकतं. प्रत्यक्षात त्या नसेतले सुमारे ऐंशी टक्के तंतू खालून वर बातमी नेणारे. म्हणजे पोटच जास्त बोलतं. आयबीएसमध्ये ते बोलणं मेंदूला फार मोठ्यानं ऐकू येतं. एरवी ज्याची जाणीवही होऊ नये असा वायू, असा ताण, तो दुखणं म्हणून पोचतो. आतड्यात छोटा फुगा फुगवून हे तपासलेलं आहे. बऱ्याच आयबीएसवाल्यांना इतरांपेक्षा कमी फुगवल्यावरच दुखायला लागतं. तंबोऱ्याची तार जास्त चढली की शेजारच्या आवाजानंही झंकारते, तसं काहीतरी माझ्या आत झालंय.

कधीपासून, तेही मला ठाऊक आहे. त्या पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालं आणि घरात सगळ्यांना जुलाब झाले. सगळे बरे झाले. माझा जंतू गेला, पण पोट पूर्वीसारखं झालं नाही. अशा आजारानंतर साधारण दहातल्या एकाला हे मागे लागतं. त्याच सुमाराला माईंचं ऑपरेशन, माझ्या दवाखान्याच्या फेऱ्या आणि घरातलं ते सगळं. त्याबद्दल लिहायला बसले तर आज झोप नाही.

म्हणून "मनाचं आहे" असं कोणी म्हटलं की मी कोलमडते. कारण मनाचा संबंध आहेच. घाबरल्यावर जठर मंदावतं आणि मोठं आतडं घाईला येतं, हे प्रत्येकाच्या शरीरात होतं, परीक्षेच्या सकाळी कुणालाही विचारा. पण "मनाचं" म्हणणाऱ्याला म्हणायचं असतं की ते खोटं आहे. नस खोटी कशी असेल?

रात्रीची गोळी चालू आहे, अ‍ॅमिट्रिप्टिलीन, दहा मिलिग्रॅमपासून सुरू केलेली. औषधवाल्यानं पाकीट बघून विचारलं, "डिप्रेशनसाठी का?" मागे रांगेत आमच्याच वाड्यावरची बाई उभी. ही गोळी एवढ्या कमी मात्रेत आतड्याकडून येणाऱ्या दुखण्याच्या संदेशांवर काम करते आणि घाईही थोडी आवरते. इंग्लंडमध्ये साध्या फॅमिली डॉक्टरांकडच्या 463 रुग्णांवर तिचा अभ्यास झाला. 2023 साली तो छापून आला आणि सहा महिन्यांनंतर गोळीवाल्यांना खोट्या गोळीवाल्यांपेक्षा जास्त आराम होता. हे त्या रांगेत कोण कुणाला सांगणार? तोंड मात्र कोरडं पडतं. गाणाऱ्या माणसाला ते जाचतं, म्हणून तालमीला बाटली जवळ ठेवते. वहिनींनी त्या बाटलीवरूनही काहीतरी ताडलं असेल.

मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल यांनी 1984 मध्ये आयबीएसवर संमोहनाचा प्रयोग छापला. कशानंच बरं न वाटणारे तीस रुग्ण होते. त्यातल्या ज्यांना संमोहन दिलं ते दुसऱ्या गटापेक्षा खूपच सुधारले. आतड्याशी बोलणारी ती पद्धत आज तिकडे रीतसर उपचार आहे. हे वाचलं तेव्हा मी रडले होते. मज्जासंस्था निवली की पोट निवतं, हे कुणीतरी मोजून दाखवलं होतं. फोंड्यात असं संमोहन करणारं मला कुणी माहीत नाही. माझ्याकडे आहे तो श्वास. रोज रात्री उताणी झोपून हात पोटावर ठेवते, नाकानं हळू आत घेते आणि त्याहून लांब बाहेर सोडते. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, ते त्या व्हेगसमुळेच. पाळीच्या दिवसांत यानं फार फरक पडत नाही. एरवी पडतो.

आणि इथेच मला ते जास्त लागतं. लांब श्वास सोडणं म्हणजे दुसरं काय, गाणंच ना. अभंगाची ओळ एका दमात न्यायची, शेवटचा स्वर धरून ठेवायचा, मग सगळ्यांनी मिळून उचलायचं. तालमीत तासभर गायल्यावर माझं पोट गप्प असतं. पुढे टाळ वाढले, गजर चढला, तरी गप्प. माझा सगळ्यात चांगला तास तो. नेमका तोच सोडून घरी शांत राहा म्हणतात. घरी मी शांत नसते. घरी बसून मी पोटाचीच वाट बघत असते, आता दुखेल, मग दुखेल, आणि अशी वाट बघितली की ते हमखास दुखतं.

हे वहिनींना कुणी सांगितलंय? त्यांना माहीत आहे ते एवढंच की ही मधेच उठून जाते. भर कार्यक्रमात उठून गेले तर बाकीच्यांचं काय, हाही विचार त्यांनी केला असणार, फक्त बोलल्या नाहीत. मंडळ त्यांनी उभं केलंय. परीक्षकांसमोर अर्धी ओळ सुटली तर ती त्यांच्या डोक्यावर. मला वाईट वाटायचं ते वाटणारच, आणि त्यांचंही बरोबर आहे. संध्याकाळी भाजी चिरताना हे सुचलं आणि दुपारपासूनचा आवंढा जरा खाली गेला.

या पोटासकटच मला जायचंय. ते आधी बरं होईल आणि मग मी गाईन, असं धरून बसले तर गाणं राहून जाईल. डॉक्टरही बरं करण्याचं नाही, सांभाळण्याचं बोलतात. मधे महिना चांगला जातो, मग पुन्हा आठवडा वाईट. कांदा, लसूण, गव्हाचं पीठ काही दिवस बंद करून एकेक परत आणून पाहिलं. कांदा कायमचा गेला, पाव थोडा चालतो. उकड्या तांदळाच्या पेजेला काहीच हरकत नाही, माई तर म्हणतातच.

वहिनींना मेसेज लिहून ठेवलाय. त्या नऊला झोपतात, सकाळी पाठवीन. लिहिलंय की मला यायचं आहे. मुख्य गाणं नको, मागे साथीला चालेल, कडेची जागा द्या म्हणजे उठावं लागलं तर कुणाच्या अंगावरून जावं लागणार नाही. बसमध्ये दाराजवळची सीट. कला अकादमीत पोचल्यावर पहिली पाच मिनिटं माझी, बाथरूम कुठे आहे ते बघून येईन, मग नंबर येईपर्यंत बसायला काही वाटणार नाही. जेवण माझं मी आणीन. तरीही दुसरी कुणी ठरली असेल तर तिला काढू नका, पण गुरुवारी देवळात मला गाऊ द्या. आणि पोटाबद्दल काही विचारायचं असेल तर मलाच विचारा.