पोस्टवरची तारीख एक, आतली वेगळीच

व्हायरल झालेल्या गोष्टी खऱ्या की खोट्या ते बघायचं आमचं काम. त्या दिवशी ब्लूस्काय या सोशल मीडियावरच्या एका पोस्टचा स्क्रीनशॉट फिरत होता, एका घटनेचं अगदी नेमकं भाकीत आणि तारीख घटनेच्या महिनाभर आधीची. स्क्रीनशॉट म्हटल्यावर एडिट केलेला असणार असंच वाटतं आधी, पण लिंक उघडली तर पोस्ट खरंच होती की, तारीखही तीच!

मग कच्चा रेकॉर्ड, म्हणजे पोस्टमागची मूळ नोंद, जेसन या मजकुराच्या साच्यात काढली. ब्लूस्काय ज्या एटी प्रोटोकॉल नावाच्या नियमसंचावर चालतं त्यात प्रत्येकाच्या पोस्ट, लाईक, फॉलो सगळं त्याच्या रिपॉझिटरीत (नोंदींच्या साठ्यात) असतं आणि कुणालाही वाचता येतं, लॉगिनसुद्धा लागत नाही (तुम्ही कोणाला ब्लॉक केलंय तेही उघडंच असतं, बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं). त्या जेसनमधलं 'क्रिएटेडअ‍ॅट', म्हणजे पोस्ट लिहिल्याची वेळ, पोस्ट टाकणारं अ‍ॅप भरतं, त्यामुळे तिथे मागची कुठलीही तारीख घालता येते. पण पोस्टच्या लिंकच्या शेवटी जी 13 अक्षरं असतात ना, ती साधारणपणे वेळेवरूनच बनतात, 1970 पासूनचे मायक्रोसेकंद बेस-32 मध्ये, म्हणजे 32 चिन्हांच्या अंकपद्धतीत. ती उलगडली तर वेळ निघाली घटनेनंतरची. सगळ्या पोस्ट गोळा करून दाखवणाऱ्या सर्व्हरने, अ‍ॅपव्ह्यूने, ही पोस्ट पहिल्यांदा पाहिली तेव्हाचा 'इंडेक्स्डअ‍ॅट' पण त्याच दिवसाचा.

मी लगेच "पकडला" म्हणून ओरडले, पण शेजारच्या सहकाऱ्याने जागीच थांबवलं, तो म्हणाला अगं लोक दुसरीकडच्या जुन्या पोस्ट इथे आणतात तेव्हाही असंच दिसतं, त्यात लबाडी कुठेय. मुद्दा बरोबर होता. शिवाय ती 13 अक्षरं पण ठरवलं तर हाताने देता येतात, म्हणजे नुसत्या त्यांच्यावर विसंबून काही छापणं धोक्याचंच.

तेवढ्यात ती पोस्ट टाकणाऱ्या माणसाने स्वतःच कोणाला तरी उत्तर दिलं, "याच अकाउंटवरून तेव्हाच लिहिलं होतं." झालं, दुसरीकडून आणल्याची सबब संपली! हँडल कितीही बदला, डीआयडी (अकाउंटचा कायमचा ओळख क्रमांक) तोच राहतो, आणि या डीआयडींची नोंद ठेवणाऱ्या पीएलसी डिरेक्टरीत त्या डीआयडीचा सगळा इतिहास वेळेसकट मिळतो, ती वेळ डिरेक्टरी लावते, अ‍ॅप नाही. त्यात पहिलीच नोंद घटनेच्या दुसऱ्या दिवशीची होती. म्हणजे भाकीत केलं तेव्हा अकाउंटच जन्मलं नव्हतं.

त्याला विचारणा पाठवली, उत्तर काही आलं नाही, पोस्ट मात्र उडाली. रेकॉर्ड मागितला तर आता सापडत नाही म्हणून एरर. आम्ही त्याची पूर्ण रिपॉझिटरी कार (सगळ्या नोंदी एकत्र असलेली) फाइल म्हणून आधीच उतरवून ठेवली होती हे बरं, कारण नुसतं जेसन दाखवलं असतं तर तुम्हीच टाइप केलं म्हणाला असता, कारमध्ये त्या अकाउंटच्या डिजिटल किल्लीने सही केलेला कमिट (साठ्याच्या त्या वेळच्या स्थितीची नोंद) असतो, पोस्टचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठसा, मधल्या हॅशच्या साखळीतून त्याच्याशी जोडून दाखवता येतो. बातमी संध्याकाळी लागली, स्क्रीनशॉट अजून फिरतोयच.